भाकरी जमते, उतार जमत नाही

प्रश्न (पत्र बरंच मोठं होतं, नाव आणि ओळखीच्या खुणा वगळून थोडक्यात): मी साताऱ्यात राहते. वय ५२, माध्यमिक शाळेत शिक्षिका. मुलं शिकायला पुण्याला गेली तेव्हा, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, गिअरची सायकल घेतली आणि बायकांच्या एका ग्रुपबरोबर रविवारी फिरू लागले. या जूनमध्ये पहिल्या पावसात यवतेश्वरचा घाट उतरताना वळणावर घसरले. माझाच बेसावधपणा. उजवं मनगट मोडलं, ऑपरेशन करून प्लेट बसवली. ऑगस्टअखेर डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय, सायकल चालवायला हरकत नाही. आता नोव्हेंबर आहे. फळ्यावर लिहिते, स्वयंपाक करते, भाकरीही थापता येते. पण तीनदा सायकल गेटपर्यंत नेली आणि ब्रेकवर बोटं ठेवताच पोटात गोळा आला. तिन्ही वेळा परत आणून ठेवली. अपघाताच्या दिवशी यजमानांनीच ती पुसून गॅलरीत लावली होती आणि वर जुनी चादर टाकली होती. मी परत ठेवली की दुसऱ्या दिवशी चादर पुन्हा नीट घातलेली दिसते. ते या विषयावर बोलत नाहीत. सासूबाई मात्र बोलतात: "हात मोडला तेव्हा दीड महिना घर कुणी ओढलं?" ग्रुपने डिसेंबरात माझ्यासाठी कासची 'कमबॅक राइड' ठरवली आहे. शेजारचा मुलगा सायकल वीस हजाराला मागतोय. शरीरच पुरे म्हणतंय असं समजून विकून टाकू? की एकदाच डोळे मिटून घाट उतरावा आणि भीती मोडून काढावी?

ताई,

आधी शेवटच्या वाक्याचं सांगते. यवतेश्वरचा घाट डोळे मिटून उतरू नका, एवढं तरी आपलं एकमत असू द्या.

आता पत्रातल्या दुसऱ्या एका वाक्याकडे येते. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय: भाकरी थापता येते. मनगट मोडलेल्या बाईने हे वाक्य जाता जाता लिहावं, याचं मला नवल वाटलं. भाकरीचं पीठ मळताना हात कसा असतो ते आठवा. बोटं वर, तळव्याची टाच परातीत रुतलेली, मनगट मागे वाकलेलं आणि खांद्यापासूनचा भार त्याच्यावर. सायकलच्या हँडलवर तळवा टेकतो तेव्हा मनगट थोड्याफार फरकाने तेच काम करतं. म्हणजे पाच महिन्यांत तुमचं मनगट वाकायला आणि भार घ्यायला शिकलं. ही परीक्षा तुम्ही रोज संध्याकाळी देताय आणि पास होताय.

पण भाकरीला ब्रेक दाबावा लागत नाही. गोम तिथे आहे.

तुमच्या पत्रात तीन दुखणी एका गाठोड्यात बांधलेली आहेत: हाड, हात आणि भीती. डॉक्टरांनी 'हरकत नाही' म्हटलं ते हाडाबद्दल. मनगटाजवळचं हाड साधारण सहा ते आठ आठवड्यांत जुळतं, मग आतल्या आत त्याची डागडुजी कितीतरी महिने चालू राहते. हाताचं वेळापत्रक वेगळं. मुठीची ताकद परत यायला सहा महिने, कधी वर्षही लागतं, कारण प्लॅस्टर आणि सुजेच्या काळात स्नायू बसतात, सांधे आखडतात. तुम्ही पाचव्या महिन्यात आहात. तेव्हा ब्रेकवर बोटं ठेवल्यावर आत काहीतरी 'थांब' म्हणालं, ती निव्वळ भीती होती असं मी गृहीत धरणार नाही. कदाचित बोटांनाच ठाऊक असेल की अजून दम नाही.

हे घरातच तपासता येतं. सायकल गॅलरीत आहे तिथेच तिच्या बाजूला उभ्या राहा. फक्त उजवा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला. चाक जागचं हलता कामा नये. तीस आकडे मोजेपर्यंत धरून ठेवा, सोडा, पुन्हा धरा. असं दहा वेळा. मग डाव्या हाताने तेच. सातव्या-आठव्या वेळी उजवी बोटं थरथरत असतील, ब्रेकची लिव्हर (दाबायची दांडी) आपोआप सुटत असेल, तर घाट अजून लांब आहे. उतरताना सलग दहाएक मिनिटं तरी बोटं ब्रेकवरच असतात आणि शेवटचं वळण दमलेल्या बोटांनीच घ्यावं लागतं. शिवाय आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, आणि सायकल थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. तुमचा कुठे आहे ते बघून घ्या. कुणी सुचवेल की केबल अदलाबदल करून पुढचा ब्रेक डावीकडे घ्या. मेकॅनिकला ते अवघड नाही, पण मी तसं सांगणार नाही. सहा वर्षांची बोटांची सवय आहे. ऐन वेळी चुकीचा हात दाबला जाईल.

ताकद वाढवायला जिम लागत नाही. ओला टॉवेल दोन्ही दिशांनी पिळणं. मऊ चेंडू किंवा स्पंज दाबून धरणं. लिटरभर पाण्याची बाटली हातात घेऊन तळवा वर-खाली फिरवणं, कोपर कमरेला चिकटलेलं ठेवून. दिवसातून दोन-तीनदा, थोडं थोडं. नंतर जरा ठणकलं आणि रात्रीत शमलं तर ठीक. दुसऱ्या दिवशी सूज आली तर प्रमाण निम्मं करा. फिजिओथेरपिस्टकडे दोन-तीन खेपा घालून मूठ मोजून घेतलीत तर फारच छान. त्यासाठी दाबायचं एक छोटं यंत्र असतं आणि आकडा समोर दिसला की मनाला बरं वाटतं. हाडवैद्याकडून जोरात चोळून, ओढून घेण्याचा आग्रह घरातून झाला तर मात्र ठाम नाही म्हणा. आत प्लेट आहे, तिच्यावरून स्नायूंच्या दोऱ्या सरकतात. सकाळच्या गारठ्यात मनगट धरल्यासारखं होतं ते कोमट पाण्याने मोकळं होईल. पण अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊ लागल्या, अंगठा अचानक वळेना किंवा उचलेना, हात लाल-निळा, चकचकीत होऊन साधा स्पर्श सोसवेना, किंवा टाक्यांच्या जागी लाली आली, तर सायकलचा विचार बाजूला ठेवून त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

सायकलच्या दुकानात एक काम करून घ्या. बऱ्याच ब्रेक लिव्हरना बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येते आणि लहान हाताच्या माणसाला बोटं ताणावी लागत नाहीत. बायकांच्या हाताला या लिव्हर अनेकदा लांब पडतात आणि कुणी सांगत नाही. हँडल थोडं उंच, सीटचं नाक खाली झुकलेलं नाही, टायरमध्ये हवा जरा कमी, हातात पॅडचे ग्लोव्हज, एवढ्याने मनगटावरचा भार आणि हादरे बरेच घटतात. पुढचा फोर्क (चाक धरणारा चिमटा) आणि रिम पडल्यावर वाकली आहे का तेही दाखवा. हेल्मेट रस्त्यावर आपटलं होतं का? असेल तर नवीन घ्या. आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबण्यासाठी असतो. बाहेरून चांगलं दिसलं तरी त्याचं काम संपलेलं असतं.

आता भीतीकडे येते, पण त्याआधी 'माझाच बेसावधपणा' या शब्दांशी माझं भांडण आहे. पडताना माणूस हात पुढे टाकतो, तळव्यावर आपटतो आणि मनगटाजवळचं हाड मोडतं. हे इतकं नेहमीचं आहे की अब्राहम कोलीज नावाच्या आयरिश सर्जननी १८१४ साली, क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या ऐंशीएक वर्षं आधी, नुसतं बघून आणि चाचपून त्याचं वर्णन लिहून ठेवलं. अजून या फ्रॅक्चरच्या नेहमीच्या प्रकाराला डॉक्टर त्यांचंच नाव देतात. हात पुढे टाकणं ही चूक नव्हे, तुमचं डोकं वाचवण्याची शरीराची धडपड होती. मग घसरलात कशामुळे? तुम्ही लिहिलंय पहिला पाऊस आणि वळण. पहिल्या सरींना रस्त्यावरची धूळ आणि गाड्यांचं सांडलेलं तेल मिळून पातळ चिखल होतो, तो धुऊन जायला दोन-चार जोरदार सरी जाव्या लागतात. त्यात वळणावर पुढचा ब्रेक दाबला की चाक निसटतं. तसंच झालं होतं का, आठवून बघा, बरोबरच्या मैत्रिणींना विचारा. कारण सापडलं की त्यातून साधा नियम निघतो: पहिल्या पावसात घाट नाही, आणि वेग वळणाआधी सरळ रस्त्यावर कमी करायचा, वळणात नाही. 'मी बेसावध आहे' यातून कुठलाच नियम निघत नाही, नुसती धास्ती उरते.

'शरीर पुरे म्हणतंय का' याचं उत्तर असं की शरीराने आपलं म्हणणं ऑगस्टच्या एक्स-रेत मांडलं. पोटातला गोळा ही मनाची आठवण आहे. तीनदा गेटपासून मागे फिरलात तेव्हा काय वाटलं? सुटल्यासारखं? ती सुटका हाच भीतीचा खुराक आहे. दर वेळी मन शिकतं की मागे फिरलो म्हणून वाचलो, आणि पुढच्या वेळी गोळा जरा मोठा येतो. पण याचा उपाय घाटावरून स्वतःला लोटून देणं हा नाही. गेटजवळ उभं राहून तुम्ही मनातल्या मनात थेट यवतेश्वरच्या त्या वळणावर पोचत होतात. गेटच्या पुढे आधी तुमची गल्ली आहे.

म्हणून पहिला आठवडा गल्लीच. एकच फेरी, मुद्दाम चार ठिकाणी ब्रेक मारून थांबायचं आणि परत. गोळा येईल, येऊ द्या. थोडा वेळ तसंच चालवलंत की तो आपोआप विरतो, हे एकदा अंगाने अनुभवायला हवं. कुणी सांगून कळत नाही. मग जिल्हा क्रीडा संकुलाच्या बाजूला सकाळी जरा रिकामं असतं तिथे. मग संगम माहुलीपर्यंत. जाताना रस्ता हळूहळू कृष्णेकडे उतरतो, म्हणजे उताराची सवय थोडी थोडी लागते, आणि परतीला चढ असल्यामुळे ब्रेकचं काम नाही. फक्त हे उसाचे दिवस आहेत. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ऊस बाहेर लोंबतोय, हे तुम्हाला मी काय सांगावं. उजाडून धुकं विरल्याशिवाय निघू नका, आणि ट्रॉलीला खेटून पुढे जाऊ नका. ती जाईपर्यंत उतरून उभ्या राहा.

यवतेश्वरचं काय करायचं? चढायचं. तुमची भीती उताराची आहे, चढाची नाही. चढताना सायकलचा वेग चालण्याहून थोडाच जास्त असतो, मनगटाला ब्रेक मारावा लागत नाही, आणि त्या वळणाशी उलट्या बाजूने, सावकाश भेट होते. वर जाऊन चहा प्या आणि गाडीतून खाली या. यजमानांची चारचाकी असेल तर सायकलचं पुढचं चाक काढून मागच्या सीटवर बसते. नसेल तर उतार पायी उतरा, सायकल हातात धरून. यात लाज कसली? नंतर कधीतरी शेवटचा, सरळ तुकडा तेवढा बसून उतरा. मग त्याच्या वरचा. तुमचं ते वळण सगळ्यात शेवटी. ते कधीच बसून उतरला नाहीत तरी काही बिघडत नाही.

डिसेंबरच्या कासला आत्ताच नाही म्हणा. पंचवीसएक किलोमीटर जाणं, तेवढंच येणं, आणि येताना अख्खा उतार. वर सगळ्या जणी मोबाइल काढून तुमच्याकडे बघतायत. मैत्रिणींचं प्रेम मला कळतं, पण सत्कार समारंभात माणूस आपल्याला झेपतं त्यापेक्षा जास्त करून बसतो. त्यांना माहुलीला बोलवा. कासची फुलं तशीही संपलीत.

घरच्यांविषयी. तुमचं पत्र मी दोनदा तपासून पाहिलं. 'सायकल नको' असं यजमान म्हणाल्याचं त्यात कुठेही नाही. पडलेली सायकल त्यांनी घरी आणली, पुसली, चादर घातली. तुम्ही काढून परत ठेवलीत की पुन्हा घालतात. तुम्ही त्या चादरीचा अर्थ 'आता बंद' असा लावलाय. तसा असेलही. पण जी वस्तू नको असते तिची धूळ माणूस इतकी जपत नाही, असं आपलं मला वाटतं. त्या दिवशी फोन त्यांना आला होता ना? मग तेही घाबरलेले असणार, आणि आपल्याकडचे पुरुष घाबरले की बोलत नाहीत, चादर नीट करतात. माझा अंदाज चुकीचा असू शकतो. तुम्ही विचारा. 'सायकल चालवू का' असं विचारू नका, परवानगी मागितल्यासारखं होतं आणि 'नको' हे उत्तर सोपं पडतं. 'त्या दिवशी फोन आला तेव्हा काय वाटलं' असं विचारा. पाच महिन्यांत हे कुणी विचारलेलं नसेल.

सासूबाईंचा प्रश्न मला टोमणा वाटत नाही. तो रास्त आहे. दीड महिना घर खरंच कुणीतरी ओढलं, आणि त्या वयात ते त्यांच्या वाट्याला आलं असेल तर त्यांचा राग सायकलवर निघणं साहजिक आहे. त्यांना पटवू नका, व्यवस्था दाखवा. पुन्हा कुणी आजारी पडलं, मग ते तुम्ही असा, त्या असोत की यजमान, तर पोळ्या कोण करणार, भांडी कोण घासणार, पैसे कुठून येणार, हे एका रविवारी बसून ठरवा. यजमानांना कुकर लावता येतो का? या प्रश्नाचं उत्तर सायकलपेक्षा महत्त्वाचं आहे.

यावरून माझी गोष्ट. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी मागच्या दारी धुणं घेऊन जाताना घसरले आणि डावं मनगट मोडून घेतलं. मागच्या दारी जाऊ नकोस असं मला कुणी म्हणालं नाही. पण ते राहू दे, मला सांगायचंय ते वेगळं. प्लॅस्टर घातलं, सहा आठवड्यांनी काढलं, 'झालं' म्हणून घरी पाठवलं. हाडं तपासून घ्या असं कुणी बोललं नाही. दोन वर्षांनी पाठदुखीसाठी गेले तेव्हा कळलं की हाडं आधीपासूनच विरळ होती. पाळी गेल्यानंतर बाईचं मनगट मोडतं तो पुष्कळदा हाडांच्या ठिसूळपणाचा पहिला इशारा असतो, विशेषतः साधं उभ्याने पडून मोडलं तर. तुमचं वेगात पडून मोडलंय, तेव्हा कदाचित तसं नसेलही. तरी तुमचं वय पाहता डॉक्टरांना डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायच्या तपासणीबद्दल विचाराच. वेदना नसते, थोड्या वेळात होते. अहवालात टी-स्कोअर असतो. उणे १ पर्यंत ठीक, उणे २.५ किंवा त्याच्याही खाली गेला तर हाडं ठिसूळ, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. मधलं काही आलं तर घाबरू नका, उपाय आहेत.

सायकलवाल्यांना न आवडणारं एक सत्यही सांगून टाकते. सायकलने हृदय, फुप्फुसं, मांड्या सगळं सुधारतं, पण हाडं फारशी घट्ट होत नाहीत, कारण वजन सीटवर असतं. हाडांना पायांवरचा भार लागतो. तेव्हा आठवड्यातून दोनदा अजिंक्यताऱ्याचा चढ पायी, घरात जिने, थोडी वजनं. तुमच्या वयात कॅल्शियम दिवसाला १००० ते १२०० मिलीग्रॅम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० असतं, तेव्हा ज्वारीच्या जोडीला अधूनमधून नाचणीची भाकरी, रोज दूध-दही, तीळ. 'ड' जीवनसत्त्व तपासून मगच घ्या. ती ६०,००० युनिटची पाकिटं शेजारणीच्या सांगण्यावरून महिनोन् महिने घेत राहणाऱ्या बायका मला माहीत आहेत, ते बरं नव्हे. आणि मिश्री. तुम्ही लावत नसाल, पण हे सदर वाचणाऱ्यांत लावणाऱ्या आहेत हे मला पक्कं ठाऊक आहे. तंबाखू ओढा, चघळा की दातांना लावा, हाडांच्या भल्याची नाही.

इतर मोडलेल्यांचीही पत्रं येतात, म्हणून दोन शब्द. पायात रॉड असलेल्यांना एका जागी उभी असलेली व्यायामाची सायकल अनेकदा लवकर सुरू करायला सांगतात, कारण पायावर पूर्ण वजन येत नाही आणि गुडघा सुटतो. रस्त्यावरची सायकल मात्र वेगळी, कारण तिथे अचानक पाय टेकावा लागतो. कॉलरबोन, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड मोडलेल्यांनी दुखायचं थांबलं म्हणजे जुळलं असं धरू नये. एक्स-रे पाहिल्याशिवाय रस्त्यावर नको. त्याच जागी पुन्हा आपटलात तर काम वाढतं.

ताई, हे सगळं करून महिन्या-दोन महिन्यांनी लक्षात आलं की सायकलची हौसच उरली नाही, तर विका. त्यात काही गमावलं असं मी म्हणणार नाही. अजिंक्यतारा पायीही छान दिसतो. पण आज, पोटात गोळा असताना विकू नका. त्या मुलाला पाडव्याला सांगते म्हणावं, वीस हजार कुठे जात नाहीत. आणि गल्लीत फेरी मारतानाही छाती धडधडून घाम फुटत राहिला, ते वळण स्वप्नात येऊन झोप मोडत असेल, तर समुपदेशकाला भेटा. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

चादर काढाल तेव्हा आधी दोन्ही टायर दाबून बघा, एवढ्या महिन्यांत हवा उतरलेली असणार. हातपंप तुम्ही मारू नका, त्या झटक्यांना मनगट अजून तयार नाही. ते काम यजमानांना सांगा.